मद्यपान आणि नौकानयन : एक टाळता येणारा धोका

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर जो जनसागर उसळतो, तो मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे एक वैशिष्ट्यच होय. लालबाग, परळ, चिंचपोकळी, गिरगाव या भागांतील मोठमोठ्या मूर्ती मिरवणुकीने येथे येतात आणि त्यांतील भव्य मूर्ती तराफ्यावर ठेवून खोल पाण्यात नेल्या जातात. दादरच्या चौपाटीवरही विसर्जनाची अशीच गर्दी असते. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव आणि १९३४ साली कोळी बांधव व व्यापाऱ्यांनी आपल्या बाजारासाठी कायमची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसातून उभा राहिलेला लालबागचा उत्सव, या दोहोंचा शेवट समुद्राच्या पाण्यात होतो. त्या पाण्यावर मूर्ती सुखरूप नेणारे हात प्रायः कोळ्यांचे असतात.

मुंबईकरांचा समुद्राशी संबंध या एका रात्रीपुरता अर्थातच नाही. ससून गोदी व भाऊचा धक्का येथून मासेमारी नौका ये-जा करतात. गेटवेहून घारापुरी व मांडवा, तर भाऊच्या धक्क्याहून रेवस व मोरा येथे प्रवासी जातात. वरळी, माहीम, कुलाबा येथील कोळीवाड्यांचे तर सारे जीवनच पाण्यावर अवलंबून आहे. अलीकडे सहलीसाठी भाड्याने नौका घेण्याची प्रथाही वाढली आहे. अशा सर्व प्रसंगी एक गोष्ट मात्र पुरेशा गांभीर्याने बोलली जात नाही, ती म्हणजे मद्यपान करून पाण्यावर जाण्याचा धोका. दारू पिऊन मोटार चालवू नये, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु दारू पिऊन नौकेत बसूदेखील नये, ही जाणीव समाजात अद्याप रुजलेली नाही. हा धोका नेमका कसा निर्माण होतो, कायदा काय सांगतो आणि स्थानिक पातळीवर काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्यावर मद्याचा परिणाम अधिक का होतो?

मद्य पोटात गेल्यानंतर ते काही मिनिटांतच रक्तात मिसळू लागते व मेंदूपर्यंत पोहोचते. सर्वप्रथम माणसाचा विवेक शिथिल होतो. तोल जाणे व बोलणे अडखळणे ही लक्षणे त्यानंतरची. म्हणजे आपण धोका पत्करीत आहोत हे ज्या शक्तीने समजायचे, तीच आधी मंदावते. जीवरक्षक जाकीट नको म्हणणे, नौकेच्या काठावर बसणे, दोन नौकांमधून उडी मारणे, पोहण्याची पैज लावणे ही कृत्ये याच अवस्थेत घडतात.

शरीराचा तोल सांभाळण्याचे काम लहान मेंदू, डोळे आणि कानाच्या आतील भागात असलेली द्रवाने भरलेली सूक्ष्म यंत्रणा ही तिन्ही मिळून करीत असतात. मद्य या तिन्हींवर परिणाम करते. जमिनीवर पाय स्थिर असल्याने थोडी मात्रा लक्षात येत नाही. नौका मात्र क्षणोक्षणी हलत असते व शरीराला दर क्षणी तोल नव्याने सावरावा लागतो. त्यामुळे जमिनीवर सहज खपून जाणारी मात्रा पाण्यावर घातक ठरू शकते.

यात भर पडते ती पाण्यावरील थकव्याची. ऊन, वारा, पाण्यावरून डोळ्यांवर येणारी तिरीप, यंत्राचा आवाज आणि सततचे हेलकावे यांमुळे काही तासांतच शरीर सुस्तावते व प्रतिक्रिया मंद होते. मद्य न घेतलेल्या माणसाचीही ही स्थिती होते, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने वारंवार निदर्शनास आणले आहे. त्यातच मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी कमी होते. थकवा आणि मद्य ही दोन्ही एकत्र आली की त्यांचा परिणाम परस्परांना बळ देतो.

रात्रीच्या वेळी आणखी एक अडचण उद्भवते. नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो आणि समोरून येणारी नौका कोणत्या दिशेने चालली आहे हे त्यांवरूनच ओळखायचे असते. मद्यामुळे दृष्टी मंदावते, बाजूचे कमी दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो. मुंबई बंदरात मोठी जहाजे, प्रवासी नौका, मासेमारी नौका आणि नांगरून ठेवलेल्या पडावांची दाटी असते. मोटारीप्रमाणे नौकेला ब्रेक नसतो. यंत्र उलटे फिरवूनही ती काही अंतर पुढे जातेच. अशा ठिकाणी दोन-तीन सेकंदांचा विलंबही अपघातास पुरेसा होतो.

पाण्यात पडल्यावर काय होते?

मद्यपान केलेला माणूस पाण्यात पडला असता त्याच्यावर एकाच वेळी अनेक आपत्ती ओढवतात. डोके पाण्याखाली गेले की वर-खाली ही दिशाच त्याला उमगेनाशी होते आणि तो पृष्ठभागाकडे येण्याऐवजी खोल जाण्याचा संभव असतो. श्वास रोखून धरणे व श्वासनलिकेत पाणी शिरताच ठसका लागणे या शरीराच्या स्वाभाविक संरक्षक क्रिया मंदावलेल्या असतात. उलटी झाल्यास ती फुप्फुसात उतरते. हातापायांच्या हालचालींत मेळ राहत नाही, म्हणून पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. बुडणाऱ्या व्यक्ती पुष्कळदा हाकही मारू शकत नाहीत आणि काठावरच्या गोंगाटात ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मुंबईचे पाणी उबदार असल्याने गारठ्याचे भय नाही, असा एक समज आहे. तोही पूर्णतः खरा नव्हे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे अंगात ऊब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर जात असते. रात्रभर पाण्यात तरंगत राहावे लागलेल्या खलाशाच्या बाबतीत ही हानी निर्णायक ठरू शकते.

धोका केवळ नावाड्याला नाही

‘नावाडी शुद्धीवर असला म्हणजे झाले, इतरांनी थोडी घेतली तर काय बिघडले?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर एका महत्त्वाच्या अभ्यासाने दिले आहे. अमेरिकेतील मेरीलँड व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९० ते १९९८ या काळात नौकाविहार करताना मृत्यू पावलेल्या प्रौढ व्यक्तींची माहिती तपासून हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील मद्याच्या अगदी अल्प प्रमाणापासूनच धोका वाढू लागतो, असे त्यात आढळून आले. १०० मिलिलिटर रक्तात केवळ १० मिलिग्रॅम मद्य असतानाही मृत्यूची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली होती. २५० मिलिग्रॅम असताना ती पन्नासपटीहून अधिक होती. विशेष म्हणजे हा धोका नौका चालविणाऱ्याला जितका, तितकाच प्रवाशालाही होता आणि नौका चालू असो वा उभी असो, त्यात फरक पडत नव्हता. कारण उघड आहे. अनेक मृत्यू टक्कर होऊन घडत नाहीत. माणूस तोल जाऊन काठावरून पडतो आणि मृत्यू पावतो. मोटारीतील प्रवासी आसनावर बसलेला असतो, नौकेतील प्रवाशाभोवती मात्र चहूकडे पाणी असते.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांतही, हौशी नौकानयनातील ज्या मृत्यूंचे प्रमुख कारण कळू शकले, त्यांत मद्यपान हेच कारण सातत्याने अग्रस्थानी असल्याचे दिसते. त्याच अहवालांनुसार मृतांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक बुडून मेले आणि त्यांतील दर शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जणांनी जीवरक्षक जाकीट घातलेले नव्हते. आपल्याकडील परिस्थिती काही बाबतींत वेगळी असली, तरी पाण्याचे आणि मानवी शरीराचे नियम सर्वत्र सारखेच आहेत.

आपल्या किनाऱ्यावरील धडे

मुंबई परिसराने अनेक जलदुर्घटना पाहिल्या आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात सापडून बुडाली व सहाशेहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नौका उलटली व तीन विद्यार्थिनींचा अंत झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जणांचे प्राण गेले. या घटनांचा मद्यपानाशी काहीही संबंध नव्हता, हे स्पष्टपणे नमूद करावयास हवे. तथापि त्यांतून मिळणारा धडा आपल्या विषयाला थेट लागू पडतो. शुद्धीवर असलेल्या माणसांनाही पाण्यावर संकट आले असता सावरण्यास क्षणांचाच अवधी मिळतो. तेथे ज्याची शुद्ध हरपलेली आहे, त्याची काय कथा!

लहान नौकेच्या स्थैर्याचेही असेच आहे. मंडळी खाली बसलेली असतात तोवर भार तळाशी राहतो व नौका स्थिर असते. दहा-बारा जण उभे राहिले की भाराचा मध्य वर सरकतो. तेच सारे एका बाजूस झुकले की नौका कलंडू लागते आणि एकदा काठावरून पाणी आत शिरले की ती सावरत नाही. नाचणे, ओढाताण करणे, एकाच बाजूस गर्दी करणे ही मद्याच्या अमलातील माणसांची नेहमीची वागणूक असल्याने त्यांच्यामुळे न पिणाऱ्या सहप्रवाशांचा जीवही धोक्यात येतो.

विसर्जनाची रात्र आणि भरतीचे गणित

अनंत चतुर्दशी ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती अधिक उंच व ओहोटी अधिक खोल जाते आणि त्यामुळे प्रवाहही जोरदार असतात. मुंबईत या तिथींच्या सुमारास पूर्ण भरती साधारणपणे मध्यान्ह व मध्यरात्रीच्या आगेमागे, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. याचा अर्थ असा की, सायंकाळी ज्या वाळूवर माणसे उभी असतात, तेथे रात्री दहा-अकरा वाजता पुरुषभर पाणी असू शकते. कोळी बांधवांना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. शहरातील कार्यकर्त्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

समुद्र माणसाच्या वेळापत्रकाने चालत नाही, याचा प्रत्यय २०२५ साली आला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागच्या राजाची मूर्ती ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. परंतु भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर चढविण्यात अडचणी आल्या आणि विसर्जन त्या रात्री नऊच्या सुमारास पार पडले. कार्यकर्त्यांना व कोळ्यांना तासन्‌तास पाण्यात उभे राहून काम करावे लागले. असे श्रम करणाऱ्या माणसाची सारी शक्ती व सावधपणा शाबूत असणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल. रात्रभराच्या जागरणाने आधीच थकलेल्या कार्यकर्त्याने अंगात उत्साह यावा म्हणून मद्य घेणे, याहून अधिक घातक उपाय नाही. मद्य थकवा घालवीत नाही, केवळ थकव्याची जाणीव घालवते.

काही गैरसमज

‘रात्री घेतली, सकाळी उतरली’ हा मच्छीमार व नौका कामगारांमधील सर्वांत धोकादायक गैरसमज होय. यकृत मद्याचा निचरा ठरावीक गतीनेच करते. रक्तातील प्रमाण ताशी सरासरी १५ मिलिग्रॅमने कमी होते असे धरल्यास, मध्यरात्री ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम मद्य होते, त्याच्या रक्तात पहाटे सहा वाजताही सुमारे ६० मिलिग्रॅम मद्य शिल्लक असते. मोटार चालविण्यासाठी कायद्याने ठरविलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे धक्क्यावरून नौका सोडणारा हा तांडेल स्वतःला शुद्धीवर समजत असला तरी रस्त्यावरच्या मर्यादेच्या दुप्पट मद्य त्याच्या अंगात असते. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा दुसरा गैरसमज. बिअरच्या एका मोठ्या बाटलीतून शरीरात जाणारे मद्य हे एका पेगातून जाणाऱ्या मद्याहून कमी नसते. उलट पुष्कळदा अधिकच असते. ‘आम्हांला पोहता येते’ हा तिसरा. पोहण्याचे कौशल्य हे मेंदू व स्नायूंच्या मेळावर अवलंबून असते आणि मद्य नेमका तोच मेळ बिघडविते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद अवस्थेत आढळणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ नुसार मानवी जीवितास धोका पोहोचेल अशा बेदरकारपणे वा निष्काळजीपणे जलयान चालविणे शिक्षेस पात्र असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम २८४ नुसार असुरक्षित किंवा प्रमाणाबाहेर भरलेल्या जलयानातून भाडे घेऊन प्रवासी नेणे हाही गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणाऱ्यास कलम ३५५ लागू होते. खाडी, नदी व जलाशयांतील यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. त्यात नौकांची नोंदणी व तपासणी, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदी आहेत. सागरी जहाजांवरील अधिकाऱ्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय करारानेच रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ टक्के ठरविली असून ती १ जानेवारी २०१२ पासून लागू आहे.

याची एक आर्थिक बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. व्यक्तिगत अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये नशेच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला असतो. कर्ता पुरुष गेला आणि विम्याची रक्कमही मिळाली नाही, अशी दुहेरी आपत्ती त्याच्या कुटुंबावर कोसळू शकते. दारूची किंमत घरातील स्त्रिया व मुले कशी मोजतात, हे गिरणगावाने आणि कोळीवाड्यांनी जवळून पाहिले आहे. म्हणून हा प्रश्न पिणाऱ्याच्या खासगी आवडीचा राहत नाही.

स्थानिक पातळीवर काय करता येईल?

या कामी उपदेशापेक्षा व्यवस्था अधिक उपयोगी पडते. मच्छीमारांचे जीवन कष्टाचे आहे. लाटांवर जागून काढलेल्या रात्री, अनिश्चित उत्पन्न आणि परंपरेने चालत आलेल्या चालीरीती यांचा विचार न करता केवळ दोष देणे योग्य नव्हे. समुद्राची जाण असणाऱ्या या समाजाला बरोबर घेऊनच हे काम व्हावे.

गणेशोत्सव मंडळांनी तराफ्यावर व नौकेत जाणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे आधीच निश्चित करावीत. पोहणे येणारे, विश्रांती घेतलेले व मद्याला न शिवलेले असेच कार्यकर्ते त्यांत असावेत. ऐन वेळी नौकेत उडी घेणाऱ्यांना नम्रपणे पण ठामपणे उतरवावे. तराफ्यावरील शेवटचा शब्द तांडेलाचा असावा. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनीही तो मानावा.

नौकामालक व मच्छीमार सहकारी संस्थांनी ‘निघण्यापूर्वी बारा तास मद्य नाही’ असा साधा नियम करावा व तो नाखवा, तांडेल आणि खलाशी या सर्वांना सारखाच लागू ठेवावा. सहलीसाठी नौका भाड्याने देताना मद्य बरोबर आणता येणार नाही, ही अट आधीच सांगावी. पावतीवर ती छापल्यास वाद टळतात.

अधिकाऱ्यांनी जेट्टीवरील तपासणीत जीवरक्षक जाकिटे व प्रवासीसंख्या यांबरोबरच चालकाच्या स्थितीकडेही लक्ष द्यावे. ग्रामपंचायत सदस्यांवर, विशेषतः खाडीवरील तर, तलाव वा धरणातील नौकाविहार ज्यांच्या हद्दीत चालतो त्यांच्यावर, मोठी जबाबदारी आहे. जेथे नौका सुटते तेथे मराठीत ठळक फलक लावणे, दोर व तरंगणाऱ्या ट्यूब तयार ठेवणे आणि सणावाराला दोन जाणत्या पोहणाऱ्यांची नेमणूक करणे, यांस फारसा खर्च येत नाही. शिक्षकांनी २५ जुलै हा जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन शाळेत पाळावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली तो घोषित केला आहे. मुलाने घरी जाऊन वडिलांना विचारलेला एक प्रश्न दहा फलकांहून अधिक परिणाम करतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

अपघात घडल्यास

माणूस पाण्यात पडल्यास स्वतः उडी घेण्यापूर्वी दोर, वल्हे, रिकामा प्लॅस्टिकचा डबा जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे. एकाने बोट दाखवून त्याच्यावर सतत नजर ठेवावी व नौकेचे यंत्र थांबवावे, म्हणजे पंख्याने इजा होणार नाही. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न करू नये. श्वास चालत नसल्यास तोंडाने श्वास देऊन लगेच छातीवर दाब देण्यास आरंभ करावा व मदत येईपर्यंत तो चालू ठेवावा. श्वास चालू असून शुद्ध नसल्यास कुशीवर वळवून ठेवावे, कारण मद्यपान केलेल्या माणसाला उलटी होऊन गुदमरण्याचा संभव अधिक असतो. तो थोड्या वेळात सावध झाला तरी रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणून त्याला एकटे सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्व प्रकारच्या आपत्तींसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक नौकेवर रंगवून ठेवावेत. ज्यांना दारू सोडावयाची आहे, त्यांच्यासाठी १४४४६ या क्रमांकावर शासनाची मार्गदर्शन सेवा उपलब्ध आहे.

वादळ, भरती आणि प्रवाह यांवर माणसाची सत्ता चालत नाही. नौकेत पाऊल ठेवताना आपण शुद्धीवर असावे की नसावे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. विसर्जनाला गेलेला प्रत्येक कार्यकर्ता, मासेमारीस गेलेला प्रत्येक खलाशी आणि सहलीस गेलेला प्रत्येक प्रवासी सुखरूप घरी परतावा, यासाठी पुढील उत्सवापूर्वीच प्रत्येक मंडळाने, संस्थेने व पंचायतीने आपल्या बैठकीत या विषयावर ठराव करून त्याची अंमलबजावणी एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी.